साचा फोडावाच लागतो

घुंगरू हातात घेऊन नीट बघितले की एक कोडे पडते. गोळा अखंड पितळेचा. कुठे सांधा नाही, डाग दिल्याची खूण नाही. खालच्या बाजूला एक चीर, तीही इतकी अरुंद की काडी जेमतेम जावी. आत खुळखुळणारा खडा मात्र त्या चिरेपेक्षा चांगला जाड. मग हा आत गेला कुठून?

तो आत गेलाच नाही. तो आधीपासून तिथे होता, घुंगरू नंतर त्याच्याभोवती झाले. ओतारी मातीची बोराएवढी गोळी वळतो तेव्हाच तिच्या पोटात खडा नाहीतर लोखंडाचा तुकडा ठेवतो. गोळी वाळली की तिच्यावर मेणाची बारीक तार गुंडाळतो, चिरेपुरती जागा मोकळी सोडतो आणि सगळे पुन्हा मातीत लिंपून टाकतो. त्या मोकळ्या पट्टीतच आतली माती बाहेरच्या मातीला चिकटते, म्हणून मेण गेल्यावरही गोळी जागची हलत नाही. भट्टीत मेण जाते, त्याच्या जागी पितळ येते. गार झाले की वरची माती फोडायची आणि आतली चिरेतून टोकरून काढायची. माती भुकटी होऊन गळते, तुकडा अडकून राहतो. पितळ ९०० ते ९५० अंशांच्या आसपास पातळ होते, लोखंडाला १,५०० च्या वर जावे लागते. पितळेच्या आगीत लोखंडाचा तुकडा तापतो, पण टिकतो.

केळापूर तालुक्यात पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल उभे राहतात, तेव्हा झडत्यांच्या, म्हणजे पोळ्याच्या गाण्यांच्या, आधी ऐकू येतो तो या घुंगरांचा आणि बैलांच्या गळ्यातल्या घाट्यांचा आवाज. दिवाळीच्या दिवसांत गोंडांच्या दंडारी, म्हणजे नाचणारी पथके, निघतात, तेव्हा मोरपिसांचा टोप घातलेल्या घुसाडी नर्तकाच्या कमरेला आणि पायांत तोच आवाज असतो. आवाज सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तो ओतणाऱ्या घरांची ओळख मात्र तालुक्याच्या कागदांत शोधून सापडणे कठीण.

केळापूर म्हटले की बाहेरच्याला जगदंबेचे देऊळ आठवते. तालुक्याचे ठाणे पांढरकवडा, गावाला लागून वाहणारी खुनी नदी आणि मधून जाणारा नागपूर–हैदराबाद रस्ता. हा रस्ता दक्षिणेला पाटणबोरीवरून जातो, पेनगंगा ओलांडतो आणि आदिलाबादेत शिरतो. नदीच्या दोन्ही अंगांना गोंड, कोलाम, परधान यांची गावे आहेत. सोयरिकी दोन्हीकडे होतात, देवही दोन्हीकडचे एकच. या लोकांसाठी पितळ ओतणाऱ्या घरांना वोज किंवा वोजारी म्हणतात, काही ठिकाणी ओझा. मराठी मुलखातला आपला शब्द ओतारी. ‘ओतणे’ या क्रियापदातूनच तो आला आणि काम काय ते एका शब्दात सांगून गेला.

नावांचा घोटाळा मात्र जुना आहे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर १९१६ साली मोठा ग्रंथ काढला. त्यात ‘ओझा’ हे गोंडांचे देवऋषी आणि भाट म्हणून येतात. पेनगंगेच्या खोऱ्यात त्याच नावाने पितळ ओतणारे ओळखले जातात. बंगाल-ओडिशात याच पद्धतीने ओतणारे ढोक्रा झाले, बस्तरात घडवा, बैतुलात भरेवा. सरकारी भाषेत हल्ली सगळ्यांना मिळून ‘ढोक्रा’ म्हणतात, म्हणजे एकाचे नाव सगळ्यांना चिकटले.

बारा बलुत्यांच्या नेहमीच्या यादीत सुतार, लोहार, कुंभार, चांभार असतात. ओतारी नसतो. त्यामागचा हिशेब साधा आहे. लोहाराकडे शेतकरी वर्षातून दहा वेळा जातो, फाळ पाजवायला, विळा शेवटायला. घुंगरमाळ एकदा घेतली की दोन पिढ्या जाते. एका गावाच्या भरवशावर ओताऱ्याची चूल पेटणे शक्यच नव्हते. त्याला पंचवीस-पन्नास गावांचे गिऱ्हाईक लागे. म्हणून या धंद्यातली पुष्कळ घरे भारतभर फिरती राहिली. पाठीवर भाता, गाढवावर नाहीतर डोक्यावर बिऱ्हाड, ज्या गावात काम मिळेल तिथे झाडाखाली खड्डा खणून भट्टी.

भट्टी म्हणजे खरोखर एक खड्डा. आज आपण फाउंड्री म्हटले की कोल्हापूरची आठवण होते, शेड, क्रेन, वाळूचे ढीग. ओताऱ्याची फाउंड्री अंगणात मावते आणि तिचे कामगार घरातलेच असतात. माती वारुळाची, कारण वाळवीने ती आधीच बारीक केलेली असते. आतल्या गाभ्याच्या मातीत शेण आणि भाताचा तूस कालवायचा. भट्टीत तूस जळून जातो आणि मातीत बारीक छिद्रे राहतात. त्यांतून वाफ आणि धूर बाहेर पडतो. ही छिद्रे नसली तर साचा फुटतो.

मेण पोळ्यांतले. ते राळ आणि तेल घालून उकळायचे, फडक्यातून गाळायचे. नुसते मेण उन्हात लोळागोळा होते आणि थंडीत मोडते. राळ त्याला ताठपणा देते, तेल लवचिकपणा. मग भोके पाडलेल्या पितळी चकतीतून दाबून शेवयांसारख्या तारा काढायच्या. मेणाचे हे काम पुष्कळदा घरातल्या बायका करतात, आणि ते सगळ्यांत नाजूक काम आहे. मेणावर जी रेघ उठते ती पितळेवर जशीच्या तशी उतरते, अंगठ्याचा ठसासुद्धा. भात्यावर पोर बसते. पुरुष मूस आणि आग सांभाळतो. कोणाला मजुरी नसते, कोणाला सुटीही नसते.

सुटी पावसाळा देतो. ओलसर हवेत साचा वाळत नाही, आणि ओला साचा आगीत गेला की वाफेने फुटतो. म्हणून श्रावणातल्या पोळ्याची घाटी उन्हाळ्यातच ओतून ठेवावी लागते. दिवाळीच्या दंडारीचे घुंगरूही. बाजार भरतो पावसाळ्यात आणि त्यानंतर, माल व्हायला हवा त्याच्या आधी. मधले महिने पैसा अडकून पडतो. छोट्या ओतकामाच्या कर्जाची सुरुवात बहुतेक वेळा इथेच होते.

आगीपाशी बसलेला माणूस थर्मामीटर बघत नाही, ज्वाळेचा रंग बघतो. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. जस्त ९०७ अंशांवर उकळते, म्हणजे पितळ पातळ होते त्याच सुमाराला. ज्वाळेला हिरवट झाक येते, पांढरा धूर सुटतो. तो दिसला की रस तयार. पण तोच धूर छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो, आणि दुसऱ्या दिवशी उतरतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या डॉक्टरांनी बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत हा ताप बघितला आणि त्याला ‘पितळ ओतणाऱ्यांचा हिवताप’ असेच नाव दिले. बर्मिंगहॅमचा कामगार आणि झाडाखालचा ओतारी, दोघांनाही तो सारखाच चढतो.

प्रत्येक वितळीत थोडे जस्त असे उडून जाते आणि पितळ तांबूस होत जाते. ओतारी नवे पितळ फारसे विकत घेत नाही. तुटलेला तांब्या, चेपलेली परात, गळका हंडा, अशा मोडीवर त्याचा धंदा चालतो. त्यामुळे त्याच्या हातच्या घाट्यांचा रंग एकसारखा नसतो. एखादी पिवळी, एखादी लालसर. ज्या पितळेने तीन जन्म घेतले ते जास्त लाल.

मेण किती तर पितळ किती, याचा हिशेब ठरलेला आहे, आणि तो लिहूनही ठेवलेला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. बायका कांडताना ओव्या म्हणतात, या त्यातल्या उल्लेखामुळे मराठीच्या अभ्यासकांना तो परिचयाचा आहे. त्याच ग्रंथात मूर्ती ओतण्याची रीत आहे: आधी मेण तोलावे, मग पितळ नाहीतर तांबे त्याच्या आठपट घ्यावे, रुपे बारापट, सोने सोळापट. मेण पाण्यापेक्षा किंचित हलके असते आणि पितळ पाण्याच्या साडेआठ पट जड, म्हणजे आजच्या घनतेच्या गणिताने पितळेचे उत्तर नऊच्या आसपास येते. राजाच्या ग्रंथातला आकडा फारसा चुकलेला नाही. तो राजाने शोधलेलाही नसणार. कुठल्यातरी भट्टीपाशी बसलेल्या माणसाकडूनच तो पोथीत गेला असेल. शास्त्रात या पद्धतीला मधूच्छिष्टविधान म्हणतात. मधूच्छिष्ट म्हणजे मध काढून उरलेले, मेण.

पोथीच्या आधीही ही विद्या या मुलखात होती. १९७४ साली नगर जिल्ह्यात श्रीरामपूरजवळच्या दायमाबादला एका भिल्ल माणसाला झुडपाच्या बुडाशी खणताना चार वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ हाकणारा माणूस. वजन सगळ्यांचे मिळून ६० किलोंच्या वर, आणि चारही भरीव ओतलेल्या. त्यांच्या काळाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. बैलांच्या कारागिरीबद्दल मात्र नाहीत. विदर्भातही नागपूरजवळच्या माहुरझरीच्या शिळावर्तुळांत घोडे पुरलेले सापडले, त्यांच्या डोक्यावर तांब्याची आभूषणे होती. तिथून जवळच नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. म्हणजे जनावराला धातूने सजवण्याची हौस विदर्भाला अडीच हजार वर्षांची तरी आहे. पोळा हे तिचे आजचे रूप.

पुढे याच टापूत गोंडांची राज्ये उभी राहिली. चांद्याचे राज्य त्यांतले मोठे, आणि त्याच्या छायेत उटनूरसारख्या ठिकाणचे छोटे राजे. राजाच्या दरबाराला दागिने आणि दिवे लागत असतीलच, पण ओताऱ्याचा खरा धनी देव होता. गोंडांची कुळे चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशा सग्यांत, म्हणजे कुळगटांत, वाटलेली. कुळाचा जो पेन, म्हणजे देव, त्याची मूर्ती नसते. भाल्याचे टोक, चवरी आणि घंटा ही त्याची चिन्हे. ती एरवी गावाबाहेर जपून ठेवतात आणि पूजेच्या दिवशी बाहेर काढतात. देवाला चेहरा नाही, पण आवाज आहे, आणि तो आवाज ओतारी ओततो.

या व्यवस्थेत प्रत्येकाचे काम नेमलेले होते. परधान आणि तोटी कुळाची गाथा गातात, खाती लोखंड घडवतो, कोलाम गावदेवाची पूजा करतो, वोजारी पितळ ओततो. परधानाने शब्द जपले आणि वोजाऱ्याने धातू. फरक एवढाच की परधानाचा शब्द गायला की वाढतो. वोजाऱ्याची वस्तू झिजते, फुटते आणि पुन्हा त्याच्याच मुशीत येते.

१७५१ मध्ये नागपूरच्या भोसल्यांनी चांदा घेतला आणि तिथले गोंड राज्य संपले. ओताऱ्याचे काम त्यामुळे थांबले नाही, कारण देव राज्याबरोबर गेले नव्हते. त्याच्या धंद्याला धक्का बसला तो शंभर वर्षांनी, आणि तोही हळूहळू.

१८५३ च्या तहाने निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६४ मध्ये आग्नेय वऱ्हाडाचा वेगळा जिल्हा झाला. तोच पुढे वणी जिल्हा, आणि १९०५ पासून यवतमाळ. केळापूर त्याचा एक तालुका. नदीच्या पलीकडचा आदिलाबाद निजामाकडेच राहिला. पेनगंगेच्या एका काठावर इंग्रजांचा डेप्युटी कमिशनर आणि दुसऱ्या काठावर निजामाचा तालुकदार, ही स्थिती १९४७ पर्यंत टिकली. नकाशावर ती रेघ ठळक होती. सोयरिकीत आणि जत्रेत ती नव्हती. पौष अमावस्येला केसलापूरला मेश्राम कुळाचा नागोबा बसतो, तेव्हा यवतमाळ आणि चंद्रपूरकडचे गोंडही नदी ओलांडून जातात. जत्रा म्हणजे भेटीगाठी, आणि भेटीगाठी म्हणजे घुंगरांची, घंटांची मागणी.

याच काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने, १८६१ ते १८६५ या वर्षांत, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आणले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. काळ्या जमिनीतला कापूस बंड्यांत भरून हिंगणघाटसारख्या बाजारांकडे निघाला. बंडी आली की बैल आला, बैल आला की घाटी आली. रात्रीच्या वाटेवर घाटीचा उपयोग शोभेपेक्षा मोठा. झोपी गेलेल्या गाडीवानाचे बैल चालतात की थांबलेत हे तिच्यावरूनच कळते. जिनिंगच्या या दिवसांत ओताऱ्याच्या हाताला काम कमी पडले नसावे.

पण ज्या रेल्वेने कापूस नेला तीच परतीच्या डब्यांत दुसरा माल घेऊन आली. भंडाऱ्याची पितळी भांडी विदर्भभर जायची, ती आता लांबवर जाऊ लागली. मुंबईचा पत्रा आला. विसाव्या शतकात जर्मन आले. ॲल्युमिनियमला आपल्याकडे खेड्यापाड्यांत जर्मन म्हणतात. ते हलके, स्वस्त आणि कल्हईच्या भानगडीशिवायचे. पुढे स्टील आले. ओतारी भांडी फारशी करत नव्हता, तेव्हा ही स्पर्धा थेट त्याच्याशी नव्हती. पण घरातले पितळच कमी झाले. मोड कमी निघू लागली. त्याचा कच्चा माल गिऱ्हाइकाच्या फडताळात असायचा, ते फडताळ स्टीलचे झाले.

त्याच सुमाराला महाराष्ट्रात दुसरे एक घर ओतकामात उतरले होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, मग कडबा कापायची यंत्रे आणि लोखंडी नांगर काढले. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत असलेल्या शेतकऱ्याला तो नांगर गळी उतरवायला त्यांना फार कष्ट पडले. १९१० मध्ये औंध संस्थानच्या राजांनी दिलेल्या माळावर, कुंडल रोडला, त्यांनी कारखाना हलवला. ती किर्लोस्करवाडी. तेही एक कुटुंबच होते आणि त्यांच्याही घरची माणसे भट्टीपाशी उभी असत. मग ते कुठल्या कुठे गेले आणि वोजारी होता तिथेच का राहिला?

उत्तर साच्यात आहे. किर्लोस्करांच्या ओतकामात लाकडाचा नमुना असतो. तो वाळूत दाबायचा, उचलायचा, पोकळीत लोखंड ओतायचे. वाळू मोडते, नमुना राहतो. एका नमुन्यावर हजार नांगर निघतात, आणि हजारावा पहिल्यासारखाच असतो. वोजाऱ्याचा नमुना मेणाचा. तो प्रत्येक वेळी जळून जातो, आणि साचा फोडल्याशिवाय वस्तू बाहेर येत नाही. शंभर घुंगरांना शंभर नमुने आणि शंभर साचे. इथे भांडवल वाढवून उपयोग नाही, कारण वाढवायचे काय? वाढवता येतात ते फक्त हात, आणि हात घरातले. म्हणून ही फाउंड्री घराएवढीच राहिली. तिचा नमुना फळीवर ठेवता येत नाही, तो बोटांत राहतो आणि बोटांबरोबर जातो.

१९४० मध्ये जोडेघाटला कोमरम भीम निजामाच्या पोलिसांशी लढताना पडला. जंगल राखीव झाल्यावर आदिवासींच्या हातून जमीन कशी सुटत गेली, हा त्या उठावामागचा प्रश्न होता. ओताऱ्यालाही तोच प्रश्न वेगळ्या रूपात भेटला: मेण जंगलातले, राळ जंगलातली, कोळसा जंगलातला. उठावानंतर निजाम सरकारने आदिवासींचा अभ्यास करायला ऑस्ट्रियाचे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना कामाला लावले. त्यांनी मारलावाई या गोंड गावात मुक्काम केला, आणि १९४८ मध्ये आदिलाबादच्या राजगोंडांवरचा त्यांचा ग्रंथ निघाला. गोंडांच्या देवांची चिन्हे, सगे, परधान आणि वोजारी यांची नाती बाहेरच्या जगाला त्यातून कळली. नंतर १९६२ मध्ये रूथ रीव्ह्ज यांचे भारतातल्या मेणसाच्याच्या ओतकामावरचे पुस्तक आले, आणि १९७८ मध्ये शिल्पकार मीरा मुखर्जी यांचा भारतातल्या धातूकारागिरांवरचा ग्रंथ. मुखर्जी बस्तरच्या घडव्यांपाशी बसून ओतायला शिकल्या आणि त्या रीतीने पुढे आपली शिल्पे केली. शिकलेल्या जगाने ओताऱ्यापुढे शिष्य म्हणून बसण्याचा हा दुर्मीळ प्रसंग.

मधल्या काळात राज्ये पुन्हा बदलली. १९५६ च्या पुनर्रचनेत यवतमाळ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आले. आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे भाग महाराष्ट्राच्या बाजूला आले, बाकीचा जिल्हा आंध्रात गेला. २०१४ नंतर तो तेलंगणात. पेनगंगेची जुनी सरहद्द पुसली जाईल असे वाटले होते, ती नव्या नावाने कायम झाली. आणि या वेळी तिचा परिणाम ओतकामावरही झाला.

२०१८ मध्ये ‘आदिलाबाद डोक्रा’ला भौगोलिक मानांकन मिळाले. उशेगाव, केसलागुडा या गावांतल्या वोज घरांचे काम त्यामुळे दिल्ली-हैदराबादच्या प्रदर्शनांत गेले. मानांकनाचा कागद मात्र जिल्हा आणि राज्य बघून दिला जातो. ज्या काठावर वस्तू ओतली त्याचे नाव तिला मिळाले. ज्या काठावर ती पिढ्यानपिढ्या वाजली, देवाच्या टोपलीत राहिली, बैलाच्या गळ्यात झिजली, त्या केळापूर-वणीकडच्या काठाचा कुठे उल्लेख नाही. ओताऱ्याचे गिऱ्हाईक नसते तर ओतारीच राहिला नसता, हे मानांकनाच्या नियमांत बसत नाही.

मानांकनाने वोज घरांना नवा बाजार दिला, हे चांगलेच झाले. पण या बाजाराला लागतात हत्ती, घोडे, दिवे, दिवाणखान्यात ठेवायच्या आदिवासी जोडप्याच्या मूर्ती. घाटीला तिथे मागणी नाही. घाटी घेणारा बैलवाला ट्रॅक्टरकडे गेला. बैल उरले त्यांच्या गळ्यात पत्र्याचे दोन अर्धे दाबून जोडलेले स्वस्त घुंगरू आले. वोजाऱ्याचा हात जगला, पण ज्यांच्यासाठी तो हात तयार झाला होता त्यांच्यापासून तो तुटला. मला विचाराल तर या धंद्याच्या इतिहासातला हा सगळ्यांत मोठा बदल आहे, राज्यबदलांपेक्षा मोठा. पूर्वी वस्तू बिघडली की ओताऱ्याकडे परत यायची आणि नवी होऊन जायची. आता ती विकली जाते आणि परत येत नाही.

या घरांचा इतिहास लिहायला बसले की हात रिकामेच राहतात, त्याचे कारणही इथेच आहे. इतिहासकार मोडी वाचतो आणि ओतारी मोड वितळवतो. त्याच्या आज्याने ओतलेली घंटा तडकली तर तो ती संग्रहात ठेवत नाही, नातवंडांसाठी घुंगरू करतो. वस्तूवर सही नाही, साल नाही. हिशेबाची वही नाही. जे काही शिल्लक आहे ते केळापूरसारख्या तालुक्यांतल्या घरांत, गोठ्यातल्या खुंटीवर, कोठीतल्या कोनाड्यात. पोळ्याला बाहेर काढायचे आणि परत टांगायचे.

ते ओळखणे कठीण नाही. घाटी किंवा घुंगरू उजेडात धरा. मधोमध सांध्याची रेघ असली तर ते पत्र्याचे, कारखान्याचे. सांधा नसेल आणि अंगावर एकाला एक लागून बारीक तारांच्या वळ्या दिसत असतील, तर त्या मेणाच्या तारा आहेत, कोणीतरी हाताने गुंडाळलेल्या. रंग तांबूस असेल तर त्यातले पितळ त्याआधीही काहीतरी होते. कदाचित एखाद्या वळीवर अंगठ्याची रेघही सापडेल.

भंगारवाला ती किलोच्या भावाने घेईल. देण्याआधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला एवढे विचारा की ही कुठून आणली होती, कोणाकडून आणि काय देऊन. आणि जे सांगतील ते तारीख घालून वहीत उतरवून ठेवा.